कुंपणांवरचे फोटो

कौन्सिलची निवडणूक हरल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गिरावीन उपनगरातल्या कुंपणांवरून मी माझेच फोटो उतरवत होतो. रोज कुत्रा फिरवताना दिसणारे गोरे आजोबा थांबले, माझ्या हातातली पक्कड घेऊन तारा सोडवू लागले. पूर्वी लंडनला ते वकील होते, मग खासदार झाले. बोलताना अजूनही अंगात नसलेल्या काळ्या गाऊनच्या कडा धरायचे.

“वकील असताना मी हरलो की अशील तुरुंगात जायचा,” ते म्हणाले. “निवडणूक हरलो तेव्हा नुसता मी घरी गेलो.”

शेवटचा फोटो डिकीत उपडा टाकला आणि मला सपाटून भूक लागली. कित्येक आठवड्यांत लागली नव्हती. बायकोला फोन केला, “घरी येतोय. कुकर लाव.”