गोकुळच्या बाजूची खिडकी

पिंपळवंडीत सोपानइतका संशयी माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर सोपान आधी त्याच्यावरच संशय घेईल. दुकानदारानं खताच्या गोणीवर सूट दिली, की हा गोणी फोडून वास घेणार. डेअरीत दुधाला फॅट चांगली लागली, की ह्याला आनंद नाही. मशीन आज आपल्या बाजूनं कसं बोललं, ह्याचीच काळजी! लग्नाआधी साधनाला बघायला गेला, तेव्हा तिनं आणलेला चहा त्यानं आधी मध्यस्थाला पाजला होता म्हणतात. "कुठंतरी पाणी मुरतंय," हे त्याचं पालुपद. साधनाबाईनं सगळा संसार ह्या एका वाक्याखाली केला. बाई शहाणी. सांगण्यासारखं तेवढं सांगायची, बाकीचं गिळायची.

मुलाचं, गोरखचं, लग्न ठरलं तशा वरच्या मजल्यावर मागच्या अंगाला दोन खोल्या वाढवल्या. खोल्या झाल्या झकास. पण बोळाची एकुलती एक खिडकी त्या खोल्यांच्या भिंतीत बुजली, आणि जिन्यापासून खोल्यांपर्यंतचा बोळ भर दुपारी काळाकुट्ट झाला.

"सोपानभाऊ, वर स्लॅबला भोक पाडून जाड काच बसवू," रामनाथ गवंडी म्हणाला. "उजेड सरळ खाली पडंल."

"आन् बिबट्या? रातच्याला उसातनं गावात येतोय न्हवं!"

"बिबट्या काचंवर कशाला चढंल, राव?"

"चढला म्हंजी? आन् पावसाळ्यात गळाया लागलं, तवा तू कुठं घावणार?"

रामनाथनं कपाळाला हात लावला. "मग ऱ्हायली येकच बाजू. गोकुळभाऊंच्या अंगाची."

ती भिंत नेमकी हद्दीवर. पलीकडं धाकट्या भावाचं, गोकुळचं अंगण. भावाभावांत वैर नव्हतं, पण एकदा बांधावरून शब्दाला शब्द लागला होता, तेव्हापासून सोपान तिकडं मिठाचा खडाही मागत नसे. आणि काय नवल, दुसऱ्या दिवशी गोकुळ आपणहून दारात!

"दादा, काढ की खिडकी माझ्या अंगाला. मी उद्या वर बांधलं तरी तेवढी जागा मोकळी सोडीन. पायजे तर लिहून देतो."

झालं! न मागता मिळतंय म्हटल्यावर सोपानला तिथंच पाणी मुरताना दिसलं. लिहून देतो म्हणतोय, म्हणजे बदल्यात काहीतरी लिहून घेणार. आज खिडकी, उद्या गोठ्याची वाट, परवा विहिरीची पाळी. "बघू," म्हणून त्यानं भावाला वाटेला लावलं आणि रामनाथला सांगितलं, "बोळात येक बल्ब लाव, लई झालं." दिवसाची लाईट निम्मा वेळ गेलेलीच असते, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

त्यात साधना म्हणाली, "काढा की हो खिडकी." घराच्या कामात कधी तोंड न उघडणारी बाई! सोपाननं कान टवकारले. मग गोकुळच्या बायकोशी, उज्ज्वलाशी, तिची धुण्याच्या दगडावर कुजबुज दिसली. हा जवळ गेला की दोघी गप्प. म्हणजे घरातलंच माणूस फितूर!

एका सकाळी साधना म्हणाली, "उज्ज्वलासंगं नारायणगावला जाऊन येते, बाजार करायचाय." आणि पिशवी न घेताच निघाली. पिशवीशिवाय कसला आलाय बाजार? सोपाननं मोटारसायकल काढली आणि त्यांच्या जीपच्या मागं लागला.

दोघी एका इमारतीत शिरल्या. वरच्या मजल्यावर वकिलाची पाटी. "अस्सं!" म्हणत सोपान धाडधाड जिना चढला. वर कुणीच नाही. खाली आला, तर जिन्याशेजारी डोळ्यांचा दवाखाना, आणि आत बाकावर साधना एकटीच. डोळ्यांत औषध घातलेलं. तो पुढ्यात जाऊन उभा राहिला. आता बघतोच, काय सांगते!

साधनानं डोळे किलकिले केले. नीट त्याच्याकडं बघितलं.

"पावणं, जरा बाजूला व्हता का? माझी जाऊ येतीय."

 तो निमूट बाजूला झाला, आणि उज्ज्वला येताना दिसताच दाराआड. आतल्या खोलीत डॉक्टर साधनाला सांगत होते, "साखरेनं पडदा खराब झालाय. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली वाचवू. इतका उशीर का केलात?"

"मालकांना सांगितलं असतं, तर म्हणाले असते डॉक्टर उगंच भ्या दाखवतो. जावेनं कान भरले म्हणाले असते."

"बोळात भिंत चाचपत चालत्यात वं, साहेब," उज्ज्वला म्हणाली. "नव्या खोल्या बघाया गेले तवा म्या बघितलं. म्हणून तर आमच्यांनी खिडकीचं काढलं."

घरी येताना सोपानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी जन्माची खोड ती, अशी जाते थोडीच! डॉक्टर लोक वाढवूनच सांगतात, असं तो वाटभर मनाला समजावत होता. पण सकाळी रामनाथ आला तसा म्हणाला, "फोड भिंत."

"गोकुळभाऊंनी लिहून दिलं?"

"फोड म्हणतो ना!"

दुपारपर्यंत बोळात ऊन आलं. साधना हात पुसत वर आली आणि थबकली.

"अहो, भाऊजींकडून काय लिहून घेतलंत?"

"काय नाय."

"मग त्यांनी काय मागितलं?"

"काय नाय, साधने."

"तुमी, आन् असंच कुणाचं घेणार? खरं सांगा, मनात काय हाय तुमच्या?"

तिचा विश्वास बसेना. आणि का बसावा?  तो खोटं बोलतोय का, हे त्याच्या तोंडावर वाचायला ती पुढं आली. आणखी पुढं आली. लख्ख उजेड पडला होता, तरी तिचा श्वास त्याच्या गालाला लागेपर्यंत ती जवळ आली, आणि डोळे बारीक करून त्याचा चेहरा शोधत राहिली.

सोपान हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, की त्या डॉक्टरनं आपल्याला फसवलेलं असलं, तर किती बरं!