मोराखालचं नाव

पोलीस खात्यातून मी लवकर बाहेर पडले. कारणं घरगुती होती, ती इथे सांगत नाही. हाताखालून गेलेली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. एक मात्र वेगळं राहिलं. अनोळखी नंबरवरून फोन वाजला की आधी तो हात डोळ्यांसमोर येतो: उजवा हात, मनगटापासून कोपरापर्यंत पसरलेला निळा-हिरवा मोर. इथे कोणाचंच नाव लिहिणार नाही. त्या हातावर जे नाव होतं, ते तर मुळीच नाही.

मी तेव्हा अमरावतीतल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. एप्रिल संपत आला होता. दुपारी एक बाई आत आली. अंगात सनकोट, चेहऱ्याला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे. आमच्याकडे उन्हाळ्यात गाडीवर फिरणाऱ्या सगळ्याच मुली अशा दिसतात. त्यामुळे कोणी वळून पाहिलं नाही. तिने ठाणे अंमलदारांसमोर स्कार्फ सोडला, नाव सांगितलं, आणि तो आवाज ऐकून दोघा-तिघांनी मान वर केली.

"साहेब, रकाना कोणता भरता?" शेजारचा शिपाई म्हणाला. "ताई का भाऊ?"

"गप रे," अंमलदार म्हणाले, पण त्यांचंही हसू लपलं नाही.

"हसून झालं असन तं लिहा," ती म्हणाली. "मले कामावर वापस जायचं हाये."

मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते. मला चारचौघांत आवाज चढवून बोलणं कधीच जमलं नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, वऱ्हाडी घरात ऐकलेली पण तोंडात न बसलेली, त्यामुळे शिपाई मंडळी माझ्यासमोर जरा अघळपघळच वागायची. मी फक्त तिला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

तिने मोबाइल पुढे केला. एकाच नंबरवरून आलेले मेसेज होते. पहिल्यात फक्त एक नाव, पुरुषाचं. दुसऱ्यात फोटो: कामाच्या जागेच्या काचेबाहेरून काढलेला तिचा उजवा हात. तिसऱ्यात लिहिलं होतं, "लपून फायदा नाई. न्यायले येतो."

"हे नाव कोणाचं?" मी विचारलं.

"माझंच. जुनं."

मग तिने मोजा उतरवला. मोर खरोखर सुंदर होता. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, तिच्या गावाजवळ जत्रा भरते. ती लहान असताना बापाने तिला आणि धाकट्या भावाला तिथल्या मशीनवाल्यापुढे बसवलं होतं. दोघांच्या हातावर आपापलं नाव गोंदवून घेतलं. "गर्दीत हरपलो तं कोणाचं लेकरू हाये ते समजावं म्हणून," ती म्हणाली. "भाऊ रडला. मी नाई रडलो." मग थांबली आणि दुरुस्त केलं, "नाई रडली."

घर सोडून ती आधी अकोल्यात राहिली, मग अमरावतीत आली. केस वाढवले, कागद बदलले, एका लहान पार्लरमध्ये काम मिळालं. हातावरचं नाव मात्र सोबत आलं. थ्रेडिंग करताना धागा दातांत धरतात आणि दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर येतात. खुर्चीत पडलेल्या बाईला दुसरं दिसतच नाही. रोज पाच-दहा बायका ते नाव वाचायच्या आणि विचारायच्या, "नवऱ्याचं नाव का ओ?" ती हो म्हणायची. शेवटी तिने त्यावर मोर काढून घेतला.

"लपवायचंच होतं तर इतका मोठा कशाला?" मी विचारलं.

"काळी शाई फिक्या रंगाखाली नाई दबत, मॅडम. जुन्यापेक्षा मोठं आन् गडद काढा लागते. नावाले कोणी दोनदा पाहे नाई. मोराले सारेच पायतात."

मी वरिष्ठांना भेटले. ते म्हणाले, अदखलपात्र नोंद करा आणि समज द्या, घरच्यांचं भांडण दिसतंय. कोणत्या कलमात बसवायचं यावरही चर्चा झाली. पाठलागाचं कलम बाईसाठी आहे, ते इथे लागेल का, असं कोणीतरी विचारलं आणि पुन्हा हशा झाला. मी नोंद केली, तो नंबर सायबर सेलकडे पाठवला आणि तिला माझा मोबाइल नंबर दिला. जाताना तिने सनकोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि दारातून आधी रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. घाबरलेला माणूस ठाण्यात रडतो असं लोकांना वाटतं. माझा अनुभव तसा नाही. खूप घाबरलेला माणूस फार शांत आणि फार नीटनेटका वागतो.

काही दिवसांनी खबर आली. पार्लरसमोरच्या पानठेल्यावाल्याचा फोन होता; त्याला मी लक्ष ठेवायला सांगून आले होते. "मॅडम, एक जण मोरवाल्या बाईचं विचारून राहिला. किती वाजता निघते, कोणत्या रस्त्याने जाते."

"तिचं नाव घेतलं त्याने?"

"नाई न. मोरवाली म्हणे. हातावर मोर हाये तेच."

मी फोन ठेवला आणि तिच्या तक्रारीचा कागद पुन्हा काढला. मेसेज पाठवणाऱ्याला जुनं नाव माहीत होतं. ते गावाकडच्या लोकांनाही माहीत होतं. पण तिने घर सोडलं तेव्हा हातावर मोर नव्हता. मोर अमरावतीला माहीत, नाव तेल्हाऱ्याला माहीत. गिऱ्हाईक बायकांनी ते नवऱ्याचं म्हणून वाचलं होतं; मोराखाली ते झाकलं जाताना पाहिलेला माणूस एकच होता, टॅटूवाला.

टॅटूवाल्याला मी ठाण्यात बोलावलं नाही, त्याच्या दुकानातच गेले. सोबत एक महिला शिपाई होती. जिन्याखालचं छोटं दुकान, भिंतीवर देवांची आणि वाघांची चित्रं. तो वर्दी पाहूनच उभा राहिला.

"मोरवाला हात आठवतो?"

"आठवते न मॅडम. दोन बैठकीत केलता. लय मेहनतीचं काम."

"त्याच्याखाली काय होतं, कोणाला सांगितलं?"

"कोणाले नाई! मायची शप्पथ."

"कोणी विचारलं होतं?"

"नाई मॅडम. आमी काहून सांगू? गिऱ्हाइकाचा भरोसा असते."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आधी उत्तर देतो किंवा प्रश्न पुन्हा विचारायला लावतो. हा विचार करून बोलत होता. मी उठणारच होते, तेवढ्यात काउंटरच्या काचेखाली लावलेल्या फोटोंकडे लक्ष गेलं. प्रत्येक फोटोत दोन हात शेजारी-शेजारी. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं.

"हे सगळ्यांचे काढता?"

"हो. बिफोर-आफ्टर. पेजवर टाका लागते, त्याच्यानंच धंदा चालते. लोकायले दिसलं पायजे न, खराब टॅटूचं काय होऊ शकते ते."

"पेज दाखवा."

त्याने बोटाने बराच वेळ खाली सरकवलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. डावीकडे सावळा हात आणि त्यावर ठळक देवनागरी अक्षरांत पूर्ण नाव, आडनावासकट. उजवीकडे मोर. खाली दुकानाचं नाव आणि शहर.

"चेहरा तं नाई टाकला न मॅडम," तो हळूच म्हणाला. "मी कोणाचाच चेहरा टाकत नाई."

 ते नाव ओळखणाऱ्या माणसाला चेहऱ्याची गरजच नव्हती. खाली एका ट्रॅक्टरचा फोटो लावलेल्या खात्यावरून प्रश्न होता, "भाऊ मस्त काम. कोणत्या भागात दुकान? बाई तिकडचीच का?" आणि टॅटूवाल्याने मोठ्या आनंदाने उत्तर दिलं होतं, "हो भौ, जवळच पार्लरमधे असते ताई."

पंचनामा केला, स्क्रीनशॉट घेतले, मग त्याला फोटो काढून टाकायला लावला.  मला मात्र कळत होतं की गावातल्या किती मोबाइलमध्ये तो हात आधीच जाऊन बसला असेल, ते आता कोणी सांगू शकणार नाही.

आम्ही जिना उतरत असतानाच सायबर सेलचा फोन आला. मेसेजचा नंबर तेल्हारा तालुक्यातल्या एका तरुणाच्या नावावर होता. आडनाव तेच. तिचा धाकटा भाऊ. आणि तो मोबाइल दुपारपासून अमरावतीच्या टॉवरवर होता.

मी तिला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

पार्लरपर्यंतचा तो रस्ता मला आजही लांब वाटतो. सायंकाळची वेळ, बाजार भरलेला, आणि पार्लरचं शटर खाली ओढलेलं. समोर एक जीप उभी होती, एमएच तीस, म्हणजे अकोल्याची. पानठेल्यावाल्याने मला पाहून फक्त हनुवटीने जीप दाखवली. महिला शिपाई जीपकडे गेली आणि मी फोन करून बोलावलेले गस्तीवरचे दोन बीट मार्शल तिच्यासोबत गेले. मी शटर ठोठावलं. आतून आवाज नाही. माझं नाव सांगितलं, तेव्हा पार्लरच्या मालकीणबाईंनी ते हातभर वर केलं.

ती आत फेशियलच्या बेडखाली बसली होती. उजवा हात छातीशी घट्ट धरलेला, जसं लहान मूल धरावं.

"दारात आला अन् नावाने हाक मारली," मालकीणबाई म्हणाल्या. "ह्या पोरीच्या हातातला धागा तुटला. मी म्हणलं, असा कोणी इथे नाई. तो म्हणे, आमी थांबतो."

जीपमध्ये तिघे होते. चालक, चुलतभाऊ आणि तो. मागच्या सीटवर एक पिशवी. ती उघडताना मी पंचांसमोर एकेक वस्तू मोठ्याने सांगत होते, कारण तशी पद्धत आहे. पांढरा फुल बाह्यांचा शर्ट, इस्त्रीचा. पँट. केस कापायचं मशीन. आणि बैल बांधतात तशी नवी दोरी. शेवटची वस्तू मी दोनदा सांगितली.

भावाची चौकशी मी केली. वय पंचविशीतलं, दाढी केलेली, बोलणं अगदी मवाळ. त्याच्याही उजव्या हातावर नाव होतं.

"माझं लग्न हाये मॅडम. पोरीकडच्यायनं तो फोटो पायला. म्हणते, मोठा भाऊ दाखवा, नाई तं जमत नाई. म्हणून न्यायले आलो."

"आणि दोरी?"

"तो ऐकत नाई. लहानपणापासून."

"लग्नानंतर काय करणार होता?"

त्याने बाही मनगटापर्यंत ओढली. मग म्हणाला, "तुमीच सांगा, भावाले घरी नेणं गुन्हा हाये का?"

"मी विचारलं ते सांग. लग्नानंतर?"

"ते बाबा पाहणार होते."

एवढंच. आवाज चढला नाही, शिवी नाही. शिव्या देणारे आरोपी मी बरेच पाहिले, त्यांची मला कधी भीती वाटली नाही. या मुलाची वाटली. त्याच्या लेखी त्याने एक काम अंगावर घेतलं होतं, आणि ते अर्धवट राहिलं होतं.

मी त्या दोघांना समोरासमोर आणलं नाही, पण बाहेर नेताना तो तिच्यासमोरून गेला. त्याने पुन्हा त्या जुन्या नावाने हाक मारली. ती खुर्चीवरून उठली. मला वाटलं ती पळेल.

"तुले जत्रेत मीच उचलून घेतलंतं," ती म्हणाली. "रडून राहिला होता तू."

तो खाली पाहत पुढे गेला.

अपहरणाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. ज्या शिपायाने रकान्याची थट्टा केली होती, त्यानेच तिला पाणी आणून दिलं, पण ताई म्हणावं की काय म्हणावं हे न कळून नुसता ग्लास ठेवून गेला. यथावकाश आरोपींना जामीन मिळाला. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला द्यावी लागते आणि तिच्यात फिर्यादीचा पत्ता असतो. म्हणून मी तिचा पत्ता "मार्फत पोलीस ठाणे" असा लिहिला. तिने शहर बदललं. नवा पत्ता तिने मला तोंडी सांगितला. मी तो कुठेही लिहिला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात, कारण पोलिसाने शेवटी काहीतरी शिकवण सांगावी अशी अपेक्षा असते. मी एवढंच शिकले की गुन्हा उघडकीस आणणं आणि माणसाची भीती घालवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिलं आमच्या खात्याचं आहे. दुसरं कोणाचं आहे ते मला नोकरीत कोणी सांगितलं नाही. आपण माणसाला म्हणतो, चेहरा लपव, नाव बदल, गाव सोड. तिने हे सगळं केलं होतं. तरी लपवण्यासाठी केलेली खूणच तिला शोधून काढणाऱ्याच्या कामी आली.

गेल्या महिन्यात दुपारी मला फोन आला. "मॅडम, ठाण्यातून बोलतो. त्या मोरवाल्या केसचा समन्स निघाला. फिर्यादीचा पत्ता पायजे होता."

आवाज मवाळ होता.

"तुमचा बिल्ल्यावरचा बक्कल नंबर सांगा," मी म्हणाले.

फोन कट झाला. मी ठाण्यात चौकशी केली. समन्स अजून निघालाच नव्हता.

मी तो नंबर ठाण्याला कळवला आणि मग तिला फोन केला. झालं ते सगळं सांगितलं. घर बदलायचं असेल तर मी मदत करते म्हटलं. 

"किती गावं बदलू मॅडम?" ती म्हणाली. "हात तं सोबतच येते." मग म्हणाली, "तारीख लागली की सांगा. मी साक्ष द्याले येईन. पण तुमी गेटवर थांबा."

"थांबते," मी म्हणाले.

"वकील हात दाखवा म्हणन?"

"म्हणेल."

"मंग आधीच उघडा ठेवून येईन. साऱ्यायसमोर बाही वर करताना मी थरथरली, तं भाऊ तेवढंच पाहून जिंकल्यासारखा घरी जाईन."