गाढव पुलापलीकडे कसं गेलं

जो माणूस दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, तो स्वतः आयुष्यभर जिने चढतो. उघडच आहे. लिफ्ट चालू असती तर त्याला बोलावलं कशाला असतं? आमचा लिफ्टवाला ऐन तारुण्यापासून असे जिने चढत आला होता, आणि पन्नाशी यायच्या आतच त्याचे गुडघे जुन्या दारासारखे करकरायला लागले होते. धापा टाकत वर पोचावं, तर अडकलेली मंडळी आतून ओरडणार, "अहो, अजून किती वेळ?" आणि एकदा सुटली की घड्याळ बघत अशी तोऱ्यात निघून जाणार, जणू यानेच त्यांना कोंडून ठेवलं होतं. संध्याकाळी घरी आला की बूट काढायला तो दाराजवळच्या स्टुलावर बसे, आणि कित्येकदा एक बूट हातात धरून तिथेच पेंगे.

अशा माणसाला व्हिडिओ गेमचा भारी नाद आहे, असं सगळं गणगोत सांगत असे. गणगोताचं काय, ते सांगतच असतं.

झालं होतं असं, की टीव्हीला जोडायचा गेमचा डबा लिफ्टवाल्याने आणि त्याच्या धाकट्या बहिणीने मिळून घेतला होता. दोन घरं आणि डबा एक. भांडणं नकोत म्हणून त्यांनी नियम केला, आणि नियम केला म्हणजे भांडणं आलीच. वर्षातल्या शेवटच्या रविवारी दोन्ही घरं एकत्र जमत. त्या वर्षी जे नवे गेम घेतले असतील, त्यांचे आपापले नंबर लावायचे, पाचव्यापासून पहिल्यापर्यंत. मग ज्याच्या घरी डबा असेल, त्याला त्याच्या पहिल्या नंबराबद्दल समोरच्याने प्रश्न विचारायचे. उत्तरं आली तर डबा जागेवर, बोबडी वळली तर डबा दुसऱ्या घरी. न खेळता नंबर लावणाऱ्याकडे डबा हवा कशाला? ज्या घरी डबा नसेल त्यांना तो सुट्टीत महिनाभर मिळे, आणि धाकटी तेवढ्यात सगळे गेम फस्त करून परत देई. बाई तशी खमकी. लहानपणी दादाच्या ताटातला शेवटचा घासही तिनेच खाल्लेला.

या सामन्याचे पंच म्हणजे त्यांचे वडील, अण्णा. अण्णांनी उभा जन्म पाण्याच्या पंपहाऊसवर काढला. पंप घरघरत असला की अण्णा खुर्चीत गाढ झोपलेले, आणि पंप बंद पडला की खडबडून जागे. लोकांना आवाजाने जाग येते, अण्णांना आवाज थांबल्याने. निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. घरात पंपाची जागा त्यांच्या बायकोच्या बडबडीने घेतली होती. ती बाई झोपेपर्यंत बोलत असे, आणि तिच्याबद्दल वाईट सांगणारे सांगत की झोपेतही बोलत असे. मग ती गेली. घर असं काही गप्प झालं की अण्णांची झोपच उडाली. मुलाच्या घरी आले ते खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. बोलायचे ते तीनच शब्द, "हो", "नको" आणि "असूदे."

या वर्षी डबा लिफ्टवाल्याकडे होता. सुरुवातीच्या एका संध्याकाळी तो ट्रकचा गेम लावून बसला, पेंगुळला, आणि ट्रक गेला खड्ड्यात. तोच मागून आवाज आला, "गाढवा, ब्रेक काय शेजाऱ्याने दाबायचा?"

अण्णा भिंत सोडून वळले होते! कित्येक महिन्यांत त्याला कुणी गाढव म्हणालं नव्हतं. लिफ्टवाल्याचे डोळे भरून आले. त्याने ट्रक बाहेर काढला आणि लगेच पुन्हा खड्ड्यात घातला.

तेव्हापासून रोज जेवणं झाली की बापलेक सोफ्यावर. लेकाने चुकायचं, बापाने उद्धार करायचा. लेकाला वाटे, औषध लागू पडतंय, एकही दिवस चुकता कामा नये. अंग मोडून आलेलं असो, ताप असो, तो कंट्रोलर हातात घेऊन बसेच. पण शरीर ते शरीर. खेळ रंगायच्या आत त्याची मान कलंडे. जाग येई तेव्हा अंगावर चादर असे, शेजारी अण्णा डोळे चोळत असत आणि टीव्ही नुकताच बंद झालेला असे.

"माझा डोळा लागला होता का ग?" तो बायकोला विचारी.

"जरासा," ती म्हणे.

बायको गॅस कंपनीत तक्रारींच्या फोनवर होती. दिवसभर कानाला फोन, आणि फोनमध्ये कुणीतरी संतापलेलं. घरी कुणी नुसती हाक मारली तरी तिच्या तोंडून आधी निघे, "बोला, काय तक्रार आहे?" आणि मग तिची तीच कपाळाला हात लावी.

तर असा तो शेवटचा रविवार आला. लिफ्टवाला सकाळपासून गेमची नावं पुटपुटत फिरत होता. वर्षभर रोज खेळायला बसला, आणि एकही गेम पुरता बघितलेला नाही! प्रत्येकाची सुरुवात तेवढी पाठ. धाकटीने धरलं की संपलं. डबा गेला तर जाऊ दे, पण अण्णांची खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळली तर?

"पहिला कुठला लावू ग?" त्याने बायकोला विचारलं. ती भाजी चिरत होती.

"गाढवाचा लावा."

"का?"

"लावा म्हणते ना."

धाकटी आली ती डबा न्यायची पिशवी घेऊनच. मागून तिचा नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे तो समोरच्याकडे नेहमी नंबर तपासल्यासारखा बघे. अण्णा मधल्या खुर्चीत बसले. लिफ्टवाल्याने घसा साफ केला.

"पाचवा, भुताचं हॉटेल. भुतं वाईट नाहीत, पण जिने फार आहेत. चौथा, फुटबॉल. तो पंच सारखी शिट्टी वाजवतो, माणूस दचकतो. तिसरा, मासेमारी. गळ टाकून गप्प बसायचं. असा धंदा मला कुणी आधी सांगितला असता तर! दुसरा, ट्रक. तो अण्णांसाठी. आणि पहिला, गाढवाचा. मिठाच्या गोण्या लादलेलं म्हातारं गाढव डोंगरापलीकडच्या गावी न्यायचं. ते दमलं की खाली बसतं. ओढायचं नाही, मारायचं नाही. आपणही शेजारी बसायचं."

"दादा," चष्मेवाला म्हणाला, "ही क्रमवारी गेमची आहे की गाद्यांची?"

धाकटी हसली, पण तिचं हसू म्हणजे मांजराचं हसू. "चांगलं आहे हं दादा. मग सांग, गाढव पहिल्यांदा कुठे बसतं?"

"विहिरीपाशी." हे सुरुवातीलाच होतं, निभावलं.

"पुलापाशी येऊन अडतं तेव्हा काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे... बसायचं. शेजारी."

"किती वेळ?"

"त्याला वाटेल तेवढा वेळ."

"बरं. आणि पुलापलीकडे काय आहे?"

लिफ्टवाल्याने डोळे मिटून आठवून बघितलं. पूल त्याने बघितला होता, नक्की बघितला होता. त्यापुढे नुसता काळोख. त्याने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी छताकडे बघितलं.

"अण्णा, तुम्ही तर शेजारीच होतात ना! काय होतं पुलापलीकडे?"

"मला काय विचारतोस? खेळत होतास तू."

"मग तुम्ही काय बघत होतात?"

"तुला!" अण्णा चिडून म्हणाले. "दमून येतोस. चार शिव्या बसल्या की तुझा चेहरा खुलतो, म्हणून तिथे येऊन बसायचं. तुझा डोळा लागला की माझी ड्यूटी संपली. मला काय त्या ट्रकचं पडलंय?"

म्हणजे बघा! लेक बापासाठी डोळे ताणून बसलेला आणि बाप लेकासाठी. दोघांनाही झोप अनावर, आणि दोघेही परोपकाराने जागे.

"चला," धाकटी वायर गुंडाळू लागली. "डबा आमचा."

"पुलापलीकडे दलदल आहे," आवाज आला.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "आणि ताई, पुलापाशी बसून राहिलं तर ते गाढव वर्षभर उठत नाही. त्याच्या पाठीवरची एक गोणी काढून आपल्या पाठीवर घ्यायची आणि पुढे चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. मग ते येतं."

धाकटीच्या हातातली वायर तशीच राहिली. "वहिनी, तू? तू कधी खेळलीस?"

"खेळते कसली! यांची मान पडली की गेम थांबायचा. गेम थांबला की आवाज थांबायचा. आणि आवाज थांबला की अण्णा उठून 'पंप का थांबला, पंप का थांबला' करत घरभर दिवे लावत फिरायचे. मग यांनाही जाग, मलाही जाग. म्हटलं, निदान आवाज तरी चालू ठेवू. आधी नुसतं एक बटण दाबून धरायची. पुढे..." ती थांबली, ट्रे खाली ठेवला. "पुढे सगळे संपवले."

चष्मेवाल्याने विचारलं, "मग वहिनी, तुमचे नंबर काय?"

"मला एवढे नंबर कुठले! बाकीच्यांत सगळे मला काहीतरी सांगतच असतात, हे आण, तिकडे पळ, वेळ संपला. गाढव काही म्हणत नाही. दमलं की बसतं, मीही बसते. हे दोघे शेजारी घोरत असतात. तेवढा वेळ या घरात माझ्याकडे कुणी काही मागत नाही." आणि मग, लहान मुलीसारखं, "ताई, डबा नका ना नेऊ."

लिफ्टवाल्याने बायकोकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. ते आज आलेलं नव्हतं.

"पण उत्तर दादाने द्यायचं असतं," धाकटी म्हणाली, आता जरा खालच्या आवाजात.

"घर एक, उत्तर एक," अण्णा म्हणाले. "डबा इथेच राहील."

"पंच तर झोपले होते!" चष्मेवाला म्हणाला.

"झोपले होते म्हणून तर गाढव पुलापलीकडे गेलं, जावईबापू," अण्णा म्हणाले. "चहा घ्या."

धाकटी रिकामी पिशवी घडी घालून गेली. जाताना वहिनीच्या कानात काहीतरी कुजबुजली. डोंगरातल्या कुठल्याशा गुप्त वाटेबद्दल होतं म्हणे.

जेवणं झाली. लिफ्टवाला सवयीने सोफ्यावर बसला, सवयीने त्याने कंट्रोलर उचलला. समोर बायकोचा हात आला.

"द्या इकडे. आणि दोघंही आत जाऊन नीट गादीवर झोपा."

"आवाज जरा मोठा ठेव," अण्णा उठता उठता म्हणाले. "आणि खड्ड्यात घालू नकोस."

लिफ्टवाला आडवा झाला. गुडघे एकदा करकरले आणि गप्प झाले. कुणासाठी जागायचं नाही, ही गोष्ट अंगाला कळायला थोडा वेळ लागला. भिंतीपलीकडे अण्णांचं घोरणं लागलं होतं. बाहेरून गाढवाच्या पावलांचा टप टप आवाज येत होता. गोणी आता तिच्या पाठीवर असेल, त्याला वाटलं. उठावं, जरा वेळ शेजारी बसावं. पाय उठले नाहीत.

"दलदलीनंतर काय आहे ग?" त्याने पडल्या पडल्या विचारलं.

"चढ."

"अरे देवा. पुन्हा जिने?"

"जिने नाहीत हो, नुसता चढ," बाहेरून आवाज आला. "झोपा तुम्ही. मी चढते."