पडद्यावरची पाठ

ज्या गॅरेजात ते काम करत तिथे त्यांना सगळे मामा म्हणत, म्हणून टीव्हीवाल्यांच्या टोळीतही ते मामाच झाले. काम ऐकायला सोपं होतं. मोटरसायकलवरून लांबलांबच्या सफरी दाखवणारा एक कार्यक्रम होता. त्यातला निवेदक एखाद्या देखण्या वळणावर गाडी चालवायचा, डोंगराकडे बघत स्वातंत्र्याबद्दल चार वाक्यं बोलायचा आणि मग मागच्या मोटारीत जाऊन डोळे मिटायचा. तिथून पुढच्या देखण्या वळणापर्यंत गाडी न्यायची ती मामांनी. दुरून पाठमोरा स्वार दिसायला हवा, म्हणून त्यांना निवेदकासारखंच जाकीट आणि तसंच हेल्मेट दिलेलं होतं. दोन देखण्या वळणांच्या मध्ये बऱ्याचदा दिवसभराचा रस्ता असायचा, आणि त्या रस्त्यात दाखवण्यासारखं काहीच नसायचं.

मामी इस्त्रीच्या दुकानात उभ्यानं काम करायच्या. संध्याकाळी पाय टेकवून टीव्हीसमोर बसल्या की शेजारणींना हटकून सांगायच्या, "ही पाठ दिसतेय ना, ती आमच्या ह्यांची."

"कशावरून?" शेजारीण म्हणायची.

"डावा खांदा बघ. जरासा पडलाय. इतकी वर्षं शर्ट इस्त्री करतेय, मला कळणार नाही?"

खांदा पडला होता हे खरं, पण का पडला ते मामांनी कधी सांगितलं नव्हतं. दिवसभर आडवा वारा लागला की हँडल एकाच बाजूला रेटून धरावं लागतं. संध्याकाळी बोटांना असल्या मुंग्या येत, की शर्टाची गुंडी निघत नसे. मग मामा शर्ट डोक्यावरूनच काढायचे. हेल्मेटच्या काचेवर चिलटं चिकटून समोरचं धूसर व्हायचं, मोजे एकदा भिजले की मुक्कामापर्यंत ओलेच राहायचे. ट्रकच्या मागे अडकलं की धूर खायचा, पुढे गेलं की त्याचा भोंगा खायचा. डोंगर येत, नद्या येत, पण नजर खड्ड्यावरून हलवायची सोय नसे. एकदा साडूने विचारलं, "काय मामा, दुरून डोंगर साजरे, असंच ना?"

"जवळूनही साजरेच असतात हो," मामा म्हणाले. "बघायला मान वळत नाही, एवढंच."

असंच एकदा दिवसभर वाऱ्याशी झोंबून मामा पेट्रोल पंपावर पोचले. गाडी थांबवली, डावा पाय टेकला, आणि पाय तिथे नव्हताच. म्हणजे होता, पण बधिर. गाडी हळूहळू कलली आणि मामांना घेऊन धान्याच्या पोत्यासारखी आडवी झाली. ना वेग, ना वळण. घोटा मात्र मोडला.

दिग्दर्शक धावत आला. आधी विचारपूस केली, प्लास्टर होईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला, माणूस वाईट नव्हता. पण चहा पिताना त्याचे डोळे चमकले. "मामा, पडण्यावर एक सबंध भाग होतो!"

तो भाग मामांनी घरीच बघितला, प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून. निवेदक एका वाळूच्या वळणावर पडला. त्याच्याभोवती धूळ सोनेरी दिसत होती. संगीत थांबलं. मग तो उठला, कपडे झटकले, क्षितिजाकडे बघून हसला आणि निघून गेला.

मामी म्हणाल्या, "बघा! हूं की चूं केलं नाही त्याने. आणि तुम्ही महिनाभर कण्हताय."

"त्याच्या खाली गादी होती."

"आणि तुमच्या?"

"पेट्रोल पंप."

मामी खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, हे नेहमीसारखी चेष्टा करताहेत. उलट त्यांच्या मनात भलतंच भरलं. प्लास्टर निघालं, मामा काठीशिवाय चालू लागले, तशा त्या म्हणाल्या, "अहो, एकदा तरी मला मागे बसवा. माझ्या ताईकडे जाऊ या. बसनं नाही, गाडीवरून, सगळा रस्ता."

"लांब आहे गं."

"तुम्हाला कसलं लांब?"

मामांनी चार वेळा टाळलं. पाचव्यांदा मामींनी अबोला धरला, तेव्हा त्यांनी आपली जुनी गाडी पुसून बाहेर काढली.

पहिला तासभर मामी हरखून गेल्या होत्या. एक हात बाजूला पसरून त्यांनी वारा धरला, अगदी पडद्यावर बघितलं होतं तसा. मग रुंदीकरणाचा उखडलेला रस्ता लागला. हात आत आला. थोड्या वेळाने त्या मामांच्या खांद्याला धरून कधी या बाजूला सरकत, कधी त्या. मग सरकणंही थांबलं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा त्यांनी पाठीवर थाप मारली.

टायरच्या एका बंद दुकानापुढे थोडी सावली होती. मामा उतरले, पण मामींना उतरता येईना. मांडीच उचलेना. मामांनी त्यांचा पाय हातांनी धरून सीटवरून पलीकडे घेतला आणि त्यांना दुकानाच्या पायरीवर बसवलं. उकडलेली अंडी सोलली, थर्मासमधला चहा झाकणात ओतून आधी त्यांना दिला, मग स्वतः घेतला.

"असंच असतं?" मामींनी विचारलं.

"असंच. हा त्यातल्या त्यात बरा रस्ता."

चहाचं झाकण धरलेला मामांचा हात बारीक थरथरत होता. गाडी केव्हाच बंद झाली होती, हात अजून गाडीवरच होता. मामींनी तो आपल्या हातात धरून ठेवला.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेनं बघायचीस. काय सांगायचं?"

"सांगायचं होतं हो," त्या म्हणाल्या. "मी काय दिवसभर गादीवर लोळते? उभं राहून पाय सुजणं म्हणजे काय, ते मला कळतं की."

मामांनी थर्मासचं झाकण लावलं आणि गाडी सुरू केली. पुढच्या गावात त्यांनी गाडी बसच्या थांब्याकडे वळवली. मामी ओशाळल्या. "मीच हट्ट केला आणि मीच..."

"लाज कसली? निवेदकसुद्धा मोटारीनंच जातो."

मामींना खिडकीची जागा मिळाली. बस थोड्याच वेळात पुढे निघून गेली. मामा आपले एका लयीत, घोट्याची कळ सांभाळत, उन्हं उतरताना पोचले. ताईंनी दार उघडलं. आत मामी पलंगावर पालथ्या पडल्या होत्या.

"काय गं हे," ताई हसत होत्या, "टीव्हीवर तर ताजीतवानी दिसतात माणसं!"

"त्यांना निम्म्या रस्त्यात झोपवून नेतात," मामी उशीत तोंड खुपसून म्हणाल्या.

दोन दिवसांनी, निघायच्या सकाळी, दिग्दर्शकाचा फोन आला. नवी सफर होती, वाळवंटाची. मामांनी मामींकडे बघितलं. मामी पिशवी भरत होत्या.

"या खेपेला नको," मामा फोनवर म्हणाले. "पाय अजून दुखतो."

"काळजी घ्या," दिग्दर्शक म्हणाला. "बघतो मी आता कायमचा दुसरा कोणीतरी." एवढ्यावर फोन संपला. पंधरा वर्षांचं काम असं एका वाक्यात सुटेल, हे मामांना वाटलं नव्हतं.

मामींनी हेल्मेट उचललं. "चला. बसच्या थांब्यापर्यंत मी मागे बसते."

थांबा आला तेव्हा त्या उतरल्या नाहीत. मामांनी दोनदा मागे वळून विचारलं. मग दर झाडाखाली थांबत, चहा पीत, एकमेकांचे खांदे दाबत ते घरी आले. दुसऱ्या दिवशी मामा गॅरेजात आणि मामी दुकानात, दोघंही कामावर उशिरा पोचले.