झेंडूच्या माळेवर जुळवलेली गाडी

दिनांक १४ ऑक्टोबर १९६४, सकाळी आठ वाजून वीस मिनिटे. खंडेनवमी होती. आईने माझी सर्व औजारे ओसरीवर पाटावर मांडून पूजा आटोपली, आणि त्याच वेळी मला सांगून आलेल्या मुलीचे वडील, आबा, अंगणात आले.

ते यायचे होते दुसऱ्या दिवशी. माणूस तयारीत नसताना कसा असतो हे पाहावे, असा हेतू असावा. शहाद्यात एस.टी. स्टँडजवळ माझे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्यांची केळीची आणि कापसाची शेती तापीकाठी. मुलगी पाहून झाली होती, पत्रिका जुळली होती. अडले होते माझ्या धंद्यावर. त्यांनी आईला स्पष्ट सांगितले होते, "बहीन, तुन्हा पोऱ्या दिनभर बठेल ऱ्हास. बठेल मानूसले मी पोर देत नही."

त्यावर मी म्हणालो होतो की हात न लावता, दूर राहून गाडी चालवून दाखवीन. गाडी चालली तर लग्न, नाही तर नाही, असे ठरले. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, असे कोणीही विचारले नाही.

गाडी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याची होती. आत रिसीव्हर. ट्रान्समीटर म्हणजे एक लाकडी खोके, त्यावर छातीइतकी उंच तार आणि एक बटण. बटण दाबले की गाडीत टक् असा आवाज होई, पिळलेल्या रबराचा एक आटा सुटे आणि पुढची चाके वळत. बटण सोडले की सरळ होत. पहिल्या दाबाला डावीकडे, पुढच्या दाबाला उजवीकडे. थांबण्याची सोय केलेली नव्हती.

ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांचा मेळ घालायचे काम मी त्या दिवसासाठी ठेवले होते. रिसीव्हरमधल्या तारेच्या वेटोळ्यात एक गाभा असतो. तो पेचकसाने थोडाथोडा फिरवीत जावे लागते, जोवर टक् ऐकू येत नाही. पेचकस पाटावर होता. ट्रान्समीटरही पाटावर होता, आणि त्याच्या तारेला झेंडूची ओली माळ गुंडाळलेली होती. गाडी तेवढी बाहेर होती, कारण वाहनांची पूजा दसऱ्याला.

मी हात पुढे करताच आई म्हणाली, "आज औजारले हात लावू नको."

"माय, आबा येयेल शेत."

"देव बी येयेल शे."

आबा खाटेवर बसले. मुलगा आज बसलेलाच राहणार, हे त्यांना दिसत होते. अखेर आईने तोड काढली. "देवनी घंटी वाजाडाले हात लावाच लागस. तसं बटन दाबानं. उचलानं नही. आनि ते मी दाबसू."

गाभा फिरवण्यासाठी मी कुंपणातली तुरीची वाळकी काडी घेतली. चाकू आणि विळा दोन्ही पूजेत असल्यामुळे काडीचे टोक दातांनी चपटे केले. लोखंडी पेचकस जवळ आला की मेळ बिघडतो. काडीने तो दोष टळला. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण आईने सक्ती केली नसती तर मी पेचकसच वापरला असता.

मेळ दुरूनही टिकावा म्हणून गाडी कोणीतरी धरून लांब नेत नेत जुळवायला हवी होती. आबांनी ती तान्ह्या मुलासारखी उचलून छातीशी धरली. ते शेताच्या बांधावरून मागे मागे जात होते, मी सोबत काडी घेऊन चालत होतो, आणि ओसरीवर आई प्रत्येक वेळी आधी नमस्कार करून मग बटण दाबत होती.

"दाब माय!" मी ओरडे. नमस्कार होई. मग टक्.

"फिरनं!" चाक वळले की आबा ओरडत. आणखी मागे गेल्यावर, "नही फिरनं!" मी गाभा हलवी. "आते फिरनं!"

शेजारचा म्हातारा कुंपणावरून म्हणाला, "आबा, पोऱ्याले ताप येयेल शे का?"

"गप ऱ्हाय. जवाईनी परीक्षा शे." जावई हा शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच आला. मी तो ऐकला नाही असे दाखवले.

मग गाडी खळ्यात सोडली. बटण आता आईच्या संमतीने मी दाबत होतो. गाडी डावीकडे वळली, सरळ गेली, उजवीकडे वळली, बैलाला वळसा घालून परत आली. आबा ओसरीवर आले. खोके जवळून पाहावे म्हणून त्यांनी तारेवरची माळ उचलून बाजूला केली.

गाडी तशीच सरळ गेली आणि गोवऱ्यांच्या ढिगात शिरली. बटण दाबून उपयोग होईना. मी ती काढून आणली. आबांनी माळ परत घातली. गाडी ऐकू लागली. काढली; ऐकेना. त्यांनी हा प्रयोग पुष्कळदा केला. त्यांच्या चेहऱ्यावर कसलेही भाव नव्हते.

मी खुलासा केला. ओली माळ तारेवर असताना मेळ जुळवला होता. ट्रान्समीटर साधा होता, माळेच्या ओलाव्याने त्याची कंपनसंख्या सरकत होती. माळ काढली की जुळलेले बिघडणारच.

"ऐकस," आबा म्हणाले. "पन हाई गाडी तुन्हं ऐकस का हारनं ऐकस, ते सकाय दखसूत. सोनं वाटाले भाऊबंदले लई येस. त्यास्ना म्होरे चालनी, ते कुकू लावसू." म्हणजे उद्या दसऱ्याला ते भाऊबंदांना घेऊन येणार, आणि त्यांच्यासमोर गाडी चालली तरच लग्न पक्के.

आई म्हणाली, "हार मी काढाव नही."

ते गेले. दुपारी ऊन चढले आणि झेंडूच्या पाकळ्या कडेने सुकू लागल्या. बटण दाबल्यावर टक् अर्धवट येऊ लागला. काडीने पुन्हा जुळवता आले असते. पण सकाळपर्यंत माळ किती सुकेल, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते.

दिवेलागणीला मी तांब्याभर पाणी आणून माळेवर शिंपडले, टक् पुन्हा स्वच्छ आला हे तपासले, आणि ती सकाळपर्यंत ओली राहावी म्हणून तिच्यावर ओले फडके गुंडाळले.