आनंदनगरचा रविवार

पाचवीच्या मुलांना गोलार्ध शिकवणं अवघड नाही. त्यांच्या डोक्यात आधीच जे बसलेलं असतं ते बाहेर काढणं अवघड. अंबरनाथची मुलं जन्मल्यापासून दोन भागांत राहतात, ईस्ट आणि वेस्ट, आणि मधून रेल्वेलाइन जाते. त्यामुळे पृथ्वीचे दोन भाग असतात आणि मधून एक रेषा जाते, असं मी म्हटल्याबरोबर अख्ख्या वर्गाने मान डोलावली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग पहिला हात वर आला.

"बाई, विषुववृत्तावर पूल कुठे आहे?"

मी सांगितलं की ती रेषा काल्पनिक असते, तिला पूल लागत नाही, पलीकडे जायचं तर सरळ चालत जायचं. कोणाचाही विश्वास बसला नाही. मागच्या बाकावरून विचारणा झाली की इकडचा रिक्षावाला तिकडे यायला तयार होतो का. एकीने परस्पर उत्तर दिलं, "नाही होत. तो पुलाजवळ उतरवतो. मग तिकडून दुसरी रिक्षा करायची." दक्षिण गोलार्धात राहणाऱ्या लोकांबद्दल वर्गाला फार वाईट वाटलं. माझा मात्र तास गेला.

दुसऱ्या दिवशी मी पृथ्वीगोल नेला. तो मी उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात घेतला होता. प्लास्टिकचे दोन वाडगे तोंडाला तोंड लावून चिकटवलेले, आणि चिकटवताना कोणाचा तरी हात हलला होता. आफ्रिकेचा वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. मी दुकानदाराला ते दाखवलं, तेव्हा त्याने गोल जोरात फिरवला आणि म्हणाला, "अब बोलो मॅडम, कुछ फरक दिखता है?" खरंच दिसत नव्हता. मी घेतला. वर्गात दोनदा फिरवल्यावर तो विषुववृत्तावर सुटला आणि उत्तर गोलार्ध एकटाच फिरायला लागला. मुलांना त्यात काही गैर वाटलं नाही. मी चिकटपट्टी लावली आणि रागारागाने पुढचा मुद्दा घेतला.

पुढचा मुद्दा होता घड्याळाचा. पृथ्वी फिरते, म्हणून सगळीकडे एकदम सकाळ होत नाही. वार बदलतो तोही एका काल्पनिक रेषेवर. आपल्याकडे रविवार उजाडतो तेव्हा अमेरिकेत अजून शनिवारची रात्र चालू असते. हे मुलांना चटकन पटलं, कारण पुलाच्या पलीकडे नळाला पाणी सकाळी येतं आणि आमच्याकडे संध्याकाळी. मी म्हटलं, तसंच समजा. मला तो धडा संपवायचा होता.

तेव्हा खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. ही कधी बोलायची नाही. वही स्वच्छ, वेण्या घट्ट, आणि तोंड बंद. तिने विचारलं, "बाई, आपल्याकडे शुक्रवार असतो तेव्हा रविवार कुठे असतो?"

मी म्हटलं, "कुठेच नाही. फार तर एका दिवसाचा फरक पडतो."

"पण आनंदनगरला असतो ना."

यावर निम्मा वर्ग तिच्या बाजूने बोलायला लागला. आनंदनगर म्हणजे आमच्याकडची एमआयडीसी. विजेवर एकदम ताण येऊ नये म्हणून तिथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. ज्यांचे वडील तिथे कामाला, त्यांच्या घरी शुक्रवारी सकाळी उशिरा उठणं, मटण, दुपारची झोप, सगळा रविवारचा कार्यक्रम. बाप घरात लोळतोय आणि आपण दप्तर उचलून शाळेत निघालोय, याचा अर्थ त्या मुलांनी लावून टाकला होता. एकाने फळ्यापाशी येऊन हिशेबच मांडला. शुक्रवारी तिथे रविवार, म्हणजे आनंदनगर दोन दिवस पुढे. "बाई, जगात सगळ्यात पहिला रविवार जपानला नाही, आनंदनगरला येतो."

मी हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वर्गही हसला. खिडकीजवळची तेवढी हसली नाही. ती उभीच होती, उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही असं ठरवल्यासारखी.

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बोलावलं. तिचे आईवडील वर्षभर वेगळे राहत होते. वडील वेस्टला, ही आईबरोबर आजोळी, ईस्टला. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून ठरवलं होतं की सुट्टीच्या दिवशी मुलीने बाबांकडे जायचं. कोणाच्या सुट्टीच्या, ते ठरवायचं राहून गेलं. हिची सुट्टी रविवारी, तेव्हा बाबा आनंदनगरला ड्युटीवर. बाबांची शुक्रवारी, तेव्हा ही दुपारच्या शाळेत, आणि संध्याकाळी अंधारात पुलापलीकडे पाठवायला आई तयार नाही. दिवाळीत एकदा भेट झाली होती, तेवढीच. रविवार आणि शुक्रवार एकाच वेळी असतील अशी एखादी जागा पृथ्वीवर असेल, असं तिला माझा धडा ऐकून वाटलं होतं. तिने मला विचारलं, "मग ती वार बदलायची रेषा जरा सरकवता येत नाही का? ती खोटीच आहे ना?"

इतकी वर्षं शिकवते आहे, पण पृथ्वीचा मला असा राग कधी आला नव्हता.

आमच्या शाळेत कुठलीही गोष्ट मंजूर करून घ्यायला एक शब्द पुरतो, तो म्हणजे उपक्रम. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, शुक्रवारी पालक सहभाग उपक्रम आहे, दिवस आणि रात्र, एक पालक सूर्य होणार. त्यांनी विचारलं, फोटो येतील ना? मी म्हटलं, येतील. झालं मंजूर.

शुक्रवारी तिचे बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि हातात घरची बॅटरी. माणूस इतका बुजलेला की दारातच चपला काढायला लागला. मी त्यांना खुर्चीवर उभं केलं आणि सांगितलं, सूर्य हलत नाही, बोलत नाही, फक्त प्रकाश देतो. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. मुलीने पृथ्वीगोल धरला आणि त्यांच्यासमोर उभी राहून तो सावकाश फिरवायला लागली. भारतात सकाळ झाली, मग रात्र, मग पुन्हा सकाळ. मी "पुरे" म्हटलं तरी ती फिरवत राहिली. एव्हाना चिकटपट्टी सुटून दक्षिण गोलार्ध जागच्या जागी राहिला होता, पण मी तो तसाच राहू दिला. बॅटरीचे सेल उतरले, सूर्य पिवळा पडला, तरी ते दोघं हलले नाहीत. मी फोटो काढायचे विसरले.

शनिवारी शाळा सकाळची, तेव्हा तिची आई फाटकाशी उभी. मी लांबूनच ओळखलं आणि मनात वाक्यं जुळवली. सुट्टीच्या दिवशी भेटायचं ठरलं होतं ना, मग कालची सुट्टीच होती, त्यांची. नियम कुठे मोडला? भांडायला मी पूर्ण तयार होते.

ती म्हणाली, "काल घरी आल्यावर तिने कणकेच्या गोळ्यावर सगळं करून दाखवलं. पोळ्या व्हायला नऊ वाजले."

मी जुळवलेली वाक्यं बाजूला ठेवली.

"हा धडा किती दिवस आहे?" तिने विचारलं.

"संपला," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात पाण्याचा धडा."

तिने पदर नीट केला. आत मैदानात मुलगी प्रार्थनेच्या रांगेत उभी होती, आणि आमच्याकडे बघत नाही असं दाखवत होती. आई जरा वेळ तिच्याकडेच बघत राहिली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "पृथ्वी एवढ्यात संपवू नका."

त्या वर्षी आमच्या वर्गात पृथ्वीचा धडा वार्षिक परीक्षेपर्यंत चालला. पाण्याचा धडा मी गुरुवारी उरकला. सूर्य एकाही शुक्रवारी गैरहजर राहिला नाही.