तुझा हात हलला

“हनुवटी तू धर. मी शिवणार नाही.” कंपाउंडर मला म्हणाला.

माझा नवरा टेबलावर तळमळत होता. अंतर्गळाचं आतडं खाली उतरून अडकलेलं, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. तळ्याकडच्या आमच्या महारवाड्यातून डोलीत घालून इस्पितळात आणला होता. डॉक्टर रबरी मोजे चढवून तयार. गुंगी द्यायचं काम कंपाउंडरचं. त्यानं फडकं लावलेली जाळी माझ्यापुढं टाकली. ती मीच नवऱ्याच्या नाकावर धरली, हनुवटी उचलली. आणि हा बाबा लांब उभा राहून, हात उंच करून वरून क्लोरोफॉर्म ओतायला लागला. आम्हाला ओंजळीत पाणी ओततात ना, तसंच. थेंब कसले, धारच. गालावर, डोळ्यात, फडक्यावर. नवरा धडपडला. मी त्याला दाबून धरला. गप पडा, बरं वाटंल, म्हटलं. माझ्या हाताखाली त्याचा श्वास थांबला.

“तुझा हात हलला,” कंपाउंडर म्हणाला. डॉक्टर मोजे उतरवायला लागला.

मला ते पटलं. सासूलाही तेच सांगितलं. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही, आणि बरोबरच केलं असं मला वाटायचं. पोटासाठी त्याच इस्पितळात झाडूला लागले. जेवताना स्वतःच्या हाताची किळस यायची.

मग एकदा खोताच्या मुलाचा चिघळलेला पाय कापायला घेतला. मी दाराशी बादली घेऊन उभी. कंपाउंडरनं स्वतःच्या बोटांनी त्याची हनुवटी उचलली. तोंडाशी वाकला. एक थेंब टाकायचा, श्वास बघायचा, मग दुसरा. मधेच जाळी उचलून वारा घेऊ दिला.

अगं आई गं. माझा हात हलला नव्हता.

त्यानंतर आमच्याच महारवाड्यातली एक बाळंतीण आणली. मूल आडवं आलेलं. कंपाउंडरनं मला हाक मारली, धर म्हणाला. बाई ओरडत होती. मी नाही धरलं आणि ती मेली तर?

“तुमी धरा,” मी म्हटलं. “न्हायतर तुमीच मारली म्हणून भर बाजारात सांगेन.”

माजलीस, म्हणाला. डॉक्टरनं वर पाहिलं आणि त्याला नुसतं “धर” म्हणाला. त्यानं धरलं. मूल गेलं, बाई वाचली. मला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं.

काढू दे. नवऱ्याच्या नाकावरची ती जाळी मीच धरली होती, ते मला मरेपर्यंत खात राहणार. खाऊ दे. पण आमचं माणूस मारायचंच असेल, तर त्यांनी ते स्वतःच्या हातानं मारावं. माझा हात त्यांना मिळायचा न्हाय.